कुठलीही केप चालत नाही

आमच्या सिंधुदुर्गात ठासणीच्या बंदुकीवर बोलायला बसलात तर माणसं रात्र पुरवतील. कोणाच्या आजोबांची नळी किती लांब होती, कोणाचा दस्ता शिसवी होता, कोणी एका बारात काय आडवं केलं. दारू चार बोटं भरावी की पाच, यावर दोन सख्खे भाऊ भांडून आठवडाभर बोलणं टाकतील. पण तुम्ही केपेचा विषय काढा. लगेच उत्तर मिळेल, "केप ती केप. खयची पण चलता."

या "खयची पण चलता"वर माझा राग आहे. तो आजचा नाही, गेल्या पंचवीस-तीस वर्षांचा आहे. शिकारीच्या गप्पा मारणारे जाणते म्हातारे हेच म्हणतात, पुडी बांधून देणारा दुकानदार हेच म्हणतो आणि परवाना नवा करून देणारं खातं तोंडानं म्हणत नाही, पण त्याची वागणूक तीच. या तिघांनाही मला सांगायचं आहे की कुठलीही केप चालत नाही. चालते असं वाटतं, कारण ती बहुतेक वेळा उडते. ज्या वेळी उडत नाही त्या वेळी किंमत कोण देतो, ते यांना बघावं लागत नाही.

ज्यांनी ही बंदूक पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ठासणीच्या बंदुकीला काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर काथ्याचा नाहीतर चिंधीचा बोळा घालून गजानं ठासायचा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा. नळीच्या बुडाशी बाहेरून एक पोलादी पोकळ खुंटी असते, तिला निपल म्हणतात. त्या निपलवर केप बसवायची. केप म्हणजे तुरीच्या दाण्याएवढी तांब्याची टोपी, आतून तळाला स्फोटक मसाल्याचा पातळ थर. चाप ओढला की घोडा केपेवर आपटतो, मसाला पेटतो, त्याची जाळ निपलच्या भोकातून आत जाते आणि दारू पेटते. एवढंच. पण बंदूक हजारो रुपयांची, दारू जपून ठेवलेली, माणूस रात्रभर जागा, आणि हे सगळं त्या तुरीच्या दाण्यावर टेकलेलं असतं.

आता ही बंदूक आमच्याकडे कशाला, तर राखणीला. हे मी शहरातल्या वाचकांसाठी मुद्दाम सांगतो, कारण बंदूक म्हटली की त्यांच्या डोळ्यासमोर सिनेमा येतो. भात पोटरीला आलं की रानडुकरं येतात. रताळी, सुरण, नाचणी, काही सोडत नाहीत. एका रात्रीत दोन कुणगे असे लोळवतात, की सकाळी बघितल्यावर वाटतं इथं कोणी नांगर घातला. माकडं दिवसा येतात, नारळ आणि केळी त्यांची. अलीकडे काही भागांत गवे उतरतात, त्यांच्यापुढे तर आपण काहीच नाही. पिकाच्या राखणीचा परवाना म्हणजे जनावर मारायची मुभा नव्हे. त्याला वनखात्याची परवानगी वेगळी लागते, आणि कित्येक प्राण्यांकडे नळी वळवायचीसुद्धा नसते. म्हणून आमच्यातले पुष्कळ जण छर्रे न भरता नुसता आवाजाचा बार काढतात. डोंगराला धडकून तो आवाज परत येतो तेव्हा कळप दुसऱ्या अंगाला वळतो. तेवढं पुरतं. पण ते पुरायला बार निघायला हवा.

बार न निघणं ही गैरसोय झाली. त्याहून वाईट म्हणजे बार उशिरा निघणं. याला आम्ही रेंगाळलेला बार म्हणतो. घोडा पडतो, केपेचा टिक असा बारीक आवाज येतो, आणि पुढे काही नाही. माणसाला वाटतं, गेला फुकट. पण आत कुठंतरी ठिणगी धुमसत असते, आणि एक क्षण, कधी दोन क्षण, कधी त्याहून जास्त वेळानं बार सुटतो.

माझ्या एका चुलत भावाचं असं झालं. नाव देत नाही, तो आहे अजून आणि त्याला आवडणार नाही. मांगराच्या पुढ्यात उभा राहून त्यानं आवाजाचा बार काढायचा म्हणून घोडा सोडला. टिक झालं. त्यानं शिवी हासडली, बंदूक खाली घेतली, दस्ता जमिनीला टेकला आणि सवयीनं नळीच्या तोंडावर हात ठेवून उभा राहिला, जसा माणूस काठीवर टेकतो तसा. छर्रे नव्हते म्हणून वाचला. नुसती दारू आणि काथ्याचा बोळा, तेवढ्यानं दोन बोटं गेली. भात कापताना आता तो डाव्या हातानं मूठ धरत नाही, मनगटानं दाबून धरतो.

गावात काय झालं? राखणदाराचं काहीतरी चुकलं असं ठरलं. गाऱ्हाणं घातलं, कोंबडा दिला. माझा राखणदारावर विश्वास नाही असं नाही, आम्हीही दरवर्षी देतो. पण त्याच पुडीतल्या उरलेल्या केपा मी मागून घेतल्या. माझ्या बंदुकीच्या स्वच्छ निपलवर, नळी रिकामी ठेवून, दहा केपा एकेक करून उडवून बघितल्या. तीन पहिल्या घावाला उडल्या नाहीत. त्यातली एक दुसऱ्या घावालाही नाही. ज्या उडल्या त्यांतल्याही दोन-तीन अशा, की आवाज टिकलीपेक्षा कमी. राखणदारानं त्या केपा पुडीत भरल्या नव्हत्या. त्या पावसाळाभर कुठल्यातरी फळीवर उघड्या पडलेल्या होत्या, आणि कोणीतरी त्या पैसे घेऊन विकल्या होत्या.

थोडं जुनं सांगतो, कारण हे वाचल्यावर माझा राग आणखी वाढला. केपेच्या आधी चकमकीची बंदूक होती. घोड्याला गारेचा तुकडा, तो पोलादावर घासून ठिणगी पडायची, उघड्या पाळ्यातली रंजक पेटायची, मग आतली दारू. पाऊस आला की संपलं. स्कॉटलंडमध्ये बेलहेल्वी म्हणून गाव आहे, तिथल्या अलेक्झांडर फॉर्साइथ नावाच्या पाद्र्याला पाखरांच्या शिकारीचा नाद. रंजकीचा भडका बघून पाखरं बार निघायच्या आधीच उडून जायची. त्यानं आपटल्यावर पेटणारा मसाला वापरायची युक्ती काढली आणि १८०७ साली तिचं पेटंट घेतलं. तांब्याच्या टोपीची केप त्यानंतर काही वर्षांनी आली. १८३४ साली इंग्रजांनी वुलिच इथं दोन्ही तऱ्हेच्या बंदुकांची परीक्षा घेतली. दोन्हींचे सहा-सहा हजार बार काढले. चकमकीच्या बंदुकांचे ९२२ बार फुकट गेले. केपेच्या बंदुकांचे ३६.

सहा हजारांत छत्तीस. आणि आमच्या पुडीत दहात तीन. पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ मध्ये गेला आहे.

आणि एक गोष्ट. १८४१ साली चीनमध्ये अफूच्या लढाईत कँटनजवळ मद्रासी पलटणीची, ३७ नंबरच्या पलटणीची एक तुकडी धो धो पावसात मागं राहून वेढली गेली. त्यांच्याकडे चकमकीच्या बंदुका. एक बार निघेना. गर्दी भाले-बांबू घेऊन अंगावर आलेली आणि हे आपले संगिनी पुढं धरून उभे. शेवटी केपेच्या बंदुका घेतलेले गोरे नौसैनिक त्यांना शोधत आले, त्यांचे बार पावसातही निघाले, म्हणून शिपाई सुटले. ती लढाई लाजिरवाणीच होती, अफू विकण्यासाठी केलेली, तिचं कौतुक मी करत नाही. पण मला ते पावसात उभे राहिलेले आपले शिपाई दिसतात. हातात सरकारी बंदूक, आणि ती न उडणारी. आमची आजची गत त्याहून वेगळी नाही.

केपेचा मोठा फायदा तोच, पावसात आणि ओलीत. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चांगल्या केपेची गरज आम्हाला जास्त की कोणाला?

मी केप घ्यायला घाट चढून जातो, इकडे मिळतातच असं नाही. एका दुकानात विचारलं, "नंबर काय केपेचा?"

तो म्हणाला, "नंबर कसला वो पावनं? केप हाय ती. बसती."

बसती! केपेला नंबर असतो. दहा, अकरा, असे. त्याशिवाय लष्करी जातीच्या जुन्या बंदुकांना लागणारी मोठी केप वेगळी, तिला खाली टोपीसारखी किनार असते. माझा भाचा अमेरिकेत आहे. तिकडे लोक हौसेसाठी जुन्या धाटणीच्या बंदुका उडवतात. त्याला मी म्हटलं, केपा आणू नकोस, विमानात चालत नाहीत आणि मला तुरुंगात जायचं नाही, फक्त दुकानात जाऊन डबीवर काय लिहिलंय ते वाचून सांग. त्यानं सांगितलं, शंभर केपांची पत्र्याची गोल डबी, झाकण घट्ट, वर करणाऱ्याचं नाव आणि नंबर. शिवाय तिथला दुकानदार स्वतःहून म्हणाला, की एकाचा दहा नंबर दुसऱ्याच्या अकरासारखा बसतो, तेव्हा आधी थोड्या घ्या, निपलवर बसवून बघा. हौशी लोकांना एवढं सांगणारा माणूस आहे. आमच्याकडे पोटासाठी बंदूक धरणाऱ्याला कागदाच्या पुडीत मोजून देतात, पुडीवर नाव नाही, नंबर नाही, साल नाही. उदबत्तीच्या पुड्यावरसुद्धा याहून जास्त मजकूर असतो.

आता नंबरानं काय बिघडतं ते ऐका. केप सैल असली तर चालताना पडते. अंधारात तुम्हाला कळत नाही, तुम्ही नेम धरता आणि घोडा नुसत्या लोखंडावर आपटतो. मग काहीजण केप बोटांनी चिमटून चपटी करतात म्हणजे ती धरून राहते. एकवेळ धरते, पण पातळ पत्र्याची असली तर चिमटताना फाटते, नाहीतर आतला थर सुटून पडतो. केप घट्ट असली तर ती निपलवर पुरती खाली बसत नाही, अधांतरी राहते. घोड्याचा पहिला घाव तिला खाली दाबण्यातच खर्च होतो, दुसऱ्या घावाला ती उडते. "माझी बंदूक नेहमी दुसऱ्या घावाक उडता" असं कौतुकानं सांगणारे मला चार तरी भेटले आहेत, जणू तो बंदुकीचा स्वभावच! तो स्वभाव नाही, चुकीच्या नंबरची केप आहे. आणि घट्ट केप अंगठ्यानं जोर लावून बसवायला जाणाऱ्यांना तर हात जोडायला हवेत. ती दाबानं उडायची गोष्ट आहे हो, तुम्ही तिच्यावर अंगठा दाबता! जरा दाबायचीच झाली तर लाकडाच्या काडीनं, नळी आभाळाकडे करून.

म्हणून मी एक करतो. माझ्या निपलसारखंच दुसरं निपल करून घेतलं आहे, ते खिशात टाकून दुकानात जातो. केप त्यावर ठेवून बघतो. बोटाच्या हलक्या दाबानं तळापर्यंत गेली पाहिजे, आणि उलटं धरून झटकलं तर पडता नये. एवढं जमलं तर पुढची गोष्ट. आपल्या बंदुका वेगवेगळ्या कारखान्यांतून आल्या, कोणाची मुंगेरची, कोणाची जम्मूची, कोणाची पणजोबांच्या वेळची नळी आणि नंतर बसवलेलं निपल. एकाला बसलेली केप शेजाऱ्याला बसेल याची हमी नाही. तेव्हा शेजाऱ्याकडून चार केपा उसन्या आणणं हे मीठ उसनं आणण्यासारखं नाही.

बसली, आता तिचं अंग बघायचं. तांबं चकचकीत हवं असं नाही, पण हिरवं पडलेलं नको. हिरवं म्हणजे ओल पिऊन बसलेलं. आत बघायचं, उजेडाकडे धरून. मसाल्याचा थर सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. तडकलेला, एका बाजूला सरकलेला, नाहीतर पुडीच्या तळाला भुकटी पडलेली दिसली तर पुडी तशीच परत. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे. पत्रा फार पातळ असला तर केप उडताना तिच्या चिरफळ्या होतात. चांगल्या बंदुकीचा घोडा पुढून वाटीसारखा खोलगट असतो तो त्याचसाठी, तुकडे त्या वाटीत अडावेत म्हणून. पण आपल्याकडचे घोडे घासून घासून सपाट झालेले, मग तुकडा डोळ्याकडे येतो.

शेवटची परीक्षा म्हणजे उडवून बघणं, आणि ही कोणी करत नाही. नव्या पुडीतल्या दहा केपा, नळी रिकामी, निपल साफ. दहाच्या दहा पहिल्या घावाला, सारख्या आवाजात उडल्या तर ती पुडी राखणीला. एक जरी चुकली तरी मी त्या पुडीवर भरवसा ठेवत नाही. लोक म्हणतात, दहा केपा फुकट घालवल्या. दहा केपांच्या किमतीत शहरात एक चहा येईल की नाही मला शंका आहे, आणि यांना बोटांपेक्षा केपा महाग.

निपलचाही दोष असतो, हे मान्य करायला हवं, नाहीतर केपेवर अन्याय होईल. काडतुसाच्या टोपीत ऐरण आतच असते. ठासणीच्या केपेला ऐरण नाही, निपल हीच तिची ऐरण. पोरं रिकामी बंदूक घेऊन घोडा आपटत बसतात, त्यानं निपलचं तोंड छिन्नीच्या डोक्यासारखं पसरतं. मग चांगल्यातली चांगली केप त्यावर नीट बसत नाही. पावसाळ्यात तेल घालून ठेवलेल्या बंदुकीच्या भोकात तेल साचतं, ते दारू भिजवतं. म्हणून भरायच्या आधी नुसती केप उडवायची, नळीचं तोंड जमिनीवरच्या सुक्या पानाजवळ धरून. पान हललं तर वाट मोकळी. नाही हललं तर तार घालून साफ करा, पुन्हा बघा. हे मला माझ्या वडिलांनी दाखवलं, त्यांना सही सोडून लिहिता येत नव्हतं.

आणि टिक झाल्यावर? बंदूक तशीच धरून ठेवायची, तोंड मोकळ्या अंगाला. मी सावकाश शंभर आकडे मोजतो. डुक्कर जाईल, जाऊ दे. मग नवी केप. केप नेहमी सगळ्यात शेवटी चढवायची, आणि जागा सोडून चालायला लागायच्या आधी काढायची. पारधीला एकामागून एक चालताना पाय घसरून पुढच्याला बार लागल्याच्या बातम्या आमच्याकडच्या पेपरात अधूनमधून येतात. त्या वाचताना माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, केप चढवून चालत होता कशाला?

चांगली केप मिळत नाही तेव्हा लोक काय करतात, हे साहेबांना माहीत नाही असं समजण्याइतका मी भोळा नाही. दिवाळीतल्या टिकल्या खरवडतात. काड्यापेटीतली गुलं चुरून जुन्या केपेच्या टोपीत भरतात. उडतंही कधीकधी, आणि ज्याचं उडतं तो गावात शहाणा ठरतो. पण टिकलीचा मसाला पोरांच्या खेळासाठी आहे, तो नुसत्या घासण्यानं पेटतो. भरताना पेटला तर तळहातावर, खिशात पेटला तर मांडीवर. शिवाय असल्या मसाल्याची जी राख मागं राहते ती मिठासारखी ओल ओढते, आणि गरम पाण्यानं धुतलं नाही तर आठवड्यात निपल खाऊन टाकते. परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे ते वेगळंच. गुन्हा करणाऱ्याची बाजू मी घेत नाही. पण परवाना हातात देऊन केपेची सोय न करणारा त्याला तिकडे ढकलतो, हेही म्हणणारच.

कायद्याचं बघा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक असं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे कोणत्या शेतकऱ्याला कोणती बंदूक द्यायची याचा विचार सरकारनं केला. चांगलं केलं. पण ठासणीची बंदूक दिली म्हणजे केप, दारू, निपल हे सगळं आलं ना? परवाना नवा करायला जातो तेव्हा नळीवरचा नंबर कागदाशी ताडून बघतात. घोडा वर करून निपल बघितलेला साहेब मला अजून भेटायचा आहे. केपा किती घेतल्या त्याची नोंद परवान्यावर होते, ते योग्यच. पण दहा केपा तपासायला उडवल्या असं मी एकदा सांगितलं, तर समोरचा म्हणाला, "उडवल्या? मग काय मारलंत?" म्हणजे काळजीनं वागणारा संशयित, आणि पुडी न बघता खिशात टाकणारा साळसूद.

निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा. २०२४ ला लोकसभा झाली, विधानसभा झाली, एकाच वर्षात दोनदा. विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, मतदान २० नोव्हेंबरला. आमचं भात नेमकं त्याच दिवसांत शेतात उभं असतं. डुकरांना आचारसंहिता लागू नाही. बरं, दिली बंदूक, परत मिळाली तेव्हा निपलच्या भोकातून सुई जाईना, गंजलं होतं. तरीही म्हणतो, बंदुका जमा करण्याचं कारण मला समजतं. पण ठेवून घ्यायच्या तर तेलाचा बोळा फिरवायची जबाबदारी कोणाची, हे कागदावर कुठंतरी असायला हवं.

शहरातले माझे काही वाचक पत्र लिहितात, बंदूक टाकून द्या, कुंपण घाला. घातलं आहे. सौर कुंपणही एका बाजूला आहे. माकड त्याच्यावरच्या फांदीवरून येतं आणि डुक्कर ओहोळातून. पत्र लिहिणाऱ्यांना एकच विचारतो. राखणीचा साधा मार्ग बंद पडला की माणूस कुठं जातो ते तुम्ही बघितलं आहे का? तो तारेत घरची वीज सोडतो. सकाळी त्या तारेला कधी डुक्कर असतं, कधी शेजाऱ्याची गाय, कधी पहाटे पाणी लावायला निघालेला शेजारी. कोणी पिठात गावठी बॉम्ब ठेवतो आणि कुत्र्याचा जबडा फुटतो. या सगळ्यापुढे एक नुसता आवाजाचा बार किती सभ्य गोष्ट आहे बघा. जनावर जगतं, पीक जगतं, माणूस जगतो. फक्त तो बार पहिल्या घावाला निघायला हवा.

मी मागच्या वर्षी अर्ज दिला. चार ओळींचा. केपा बंद डबीत विकाव्यात, डबीवर नंबर आणि तयार केल्याचं साल असावं. तपासणीसाठी उडवलेल्या केपांची नोंद परवान्यात वेगळी घ्यावी. परवाना नवा करताना निपल आणि घोडा जाणकाराकडून बघून घ्यावा. आणि जिल्ह्यात निदान एका ठिकाणी केपा कायम मिळाव्यात.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी संबंधित शाखेकडे वर्ग करण्यात आला आहे. विषयाच्या रकान्यात टंकलं होतं: "दिवाळी फटाके विक्री परवान्याबाबत."

मी दुसरा अर्ज लिहिला आहे. या वेळी कागदाला टाचणीनं एक रिकामी, उडवलेली केप लावली आहे, म्हणजे कशाबद्दल बोलतोय ते दिसेल. पोस्टात घेतात की नाही ते सोमवारी कळेल.